दोन पायांचं भेटकलम

प्रथमोपचाराच्या तासाला तुम्हांला शिकवलेलं असणार, की पाय मोडलेल्या माणसाला हलवायचं आहे आणि हाताशी फळी नाही, काठी नाही, अशा वेळी त्याचा चांगला पायच मोडक्या पायाची फळी होतो. गुडघ्यांच्या आणि घोट्यांच्या मधे मऊ कापड घालायचं, पावलं आठाच्या आकड्यासारखी बांधायची, गाठी चांगल्या पायाच्या बाजूला मारायच्या. माझा मुलगा तुमच्यातच सातवीत आहे. दिवाळीच्या सुटीत घरी आल्यावर त्यानं हे सगळं माझ्याच पायांवर करून दाखवलं. गाठी बरोबर होत्या. मग विचारतो, "बाबा, किती वेळ असं ठेवायचं?"

"दवाखाना येईपर्यंत," मी म्हटलं. आणि सहज सांगून गेलो, की आमच्या वॉर्डात सध्या एक जण आहे, त्याचे पाय आम्ही तीन आठवड्यांसाठी एकमेकांना जोडून ठेवलेत. त्याला ते खोटंच वाटलं. शाळेत परत गेल्यावर त्यानं ही गोष्ट वर्गात सांगितली, तिथंही कुणाला खरी वाटली नाही म्हणे. म्हणून सरांचा निरोप आला, की मराठी पानासाठी तुम्हीच नीट लिहून पाठवा. लिहिण्याची सवय नाही, सांभाळून घ्या.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. आर्मी मेडिकल कोअरमध्ये ऑपरेशन रूम असिस्टंट म्हणून नोकरी केली, हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता बेंगळुरूला जे. पी. नगरमधल्या एका खासगी रुग्णालयात तेच काम करतो. मी डॉक्टर नाही. पण ऑपरेशनच्या टेबलाच्या या बाजूला उभं राहून जे दिसतं, ते बरंच पाहिलेलं आहे.

तो मुलगा वीस वर्षांचा, खानापूरकडचा. घरोघर जेवणाचे डबे पोचवायचं काम करत होता आणि पहाटे उठून भरतीसाठी धावत होता. कनकपुरा रोडवर रात्री मोटारसायकल घसरली आणि मागून येणाऱ्या टेम्पोचं चाक उजव्या पायावरून गेलं. नडगीचं हाड खालच्या भागात मोडलं आणि त्यावरची कातडी निघून गेली. तळहाताएवढी जागा उघडी, आणि मधोमध पांढरं हाड. हाडाच्या डॉक्टरांनी बाहेरून सळ्या लावून मोड स्थिर केला, जखम दोन-तीन वेळा धुऊन मेलेला भाग काढला. पण उघडं राहिलेलं हाड सुकतं, मरतं, त्यात जंतू शिरतात. ते लवकर झाकलं नाही तर पाय जातो. ही भीती घालायची गोष्ट नाही, असे गेलेले पाय मी पाहिले आहेत.

आता तुम्ही म्हणाल, मांडीची कातडी काढून लावा की. बहुतेक जखमांना तेच करतात. मांडीवरून कागदासारखा पातळ पापुद्रा काढून जखमेवर पसरतात. त्याला स्किन ग्राफ्ट म्हणतात. पण या पापुद्र्याबरोबर रक्तवाहिनी येत नाही. पहिले दोन दिवस तो खालच्या जखमेतला ओलावा शोषून जगतो, आणि तेवढ्यात खालून बारीक रक्तवाहिन्या वर आल्या तर धरतो. खाली लाल, जिवंत मांस असेल तर धरतो. हाडावरचं पातळ आवरणही निघालेलं असेल तर खालून येणार काय? दगडावर मेथी पेरल्यासारखं होतं.

म्हणून फ्लॅप लागतो. फ्लॅप म्हणजे कातडी आणि तिच्याखालची चरबी, बहुधा त्याखालचा चिवट पडदासुद्धा, असा जाड तुकडा, जो तीन बाजूंनी सोडवतात आणि चौथ्या बाजूनं मूळ जागी तसाच ठेवतात. पाकिटाची झाप उचलावी तसा. त्या चौथ्या बाजूतून त्याला रक्त मिळत राहतं. डॉक्टर तिला पेडिकल म्हणतात, आपण देठ म्हणू. स्वतःचं रक्त घेऊन आल्यामुळे तो उघड्या हाडावरही जगतो.

देठ तोडायचा नाही म्हटल्यावर फ्लॅप जवळच्या जवळच फिरवता येतो. गुडघ्याखाली जखम असेल तर पोटरीचा मोठा स्नायू वळवून आणतात, नडगीच्या मधल्या भागात त्याच्याखालचा दुसरा. पण घोट्याच्या वरच्या वीतभर भागात, हात लावून बघा, पुढच्या बाजूला कातडी आणि लगेच हाड. उसनं घ्यायला शेजारी कुणी नाही. हल्ली अशा ठिकाणी मांडीचा किंवा पाठीचा तुकडा रक्तवाहिनीसकट पूर्ण काढून आणतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती वाहिनी पायातल्या वाहिनीला शिवतात. ही फ्री फ्लॅपची शस्त्रक्रिया १९७३ पासूनची, आणि आज पहिली पसंती तिलाच. पण तिला जोडायला पायात धड रक्तवाहिनी हवी. आमच्या या मुलाच्या पायात तीनपैकी एकच मोठी धमनी चालू होती आणि पावलाचं सगळं रक्त तिच्यावर होतं. तिला हात लावणं म्हणजे जुगार. सर्जन म्हणाले, "जुनीच वाट धरू. क्रॉस-लेग."

म्हणजे काय, तर डाव्या पोटरीवरचा फ्लॅप उचलायचा, डावा पाय उजव्यावर असा टाकायचा की तो फ्लॅप बरोबर उजव्या नडगीच्या जखमेवर येईल, आणि तिथं शिवायचा. देठ डाव्या पायाला, टोक उजव्या पायाला. डाव्या पोटरीवर जी जागा उघडी पडते तिथं खाली मांस असतं, तिला मांडीचा पापुद्रा चालतो. मग वाट बघायची. तीनएक आठवड्यांत जखमेच्या कडांतून आणि तळातून बारीक रक्तवाहिन्या फ्लॅपमध्ये शिरतात. त्यांच्यावर तो जगू लागला की देठ कापायचा आणि पाय सुटे करायचे. अमेरिकेतल्या फ्रँक हॅमिल्टन नावाच्या सर्जननं १८५४ मध्ये हे लिहून ठेवलं आहे.

मुलाची आई सही करायला तयार नव्हती. एक पाय गेलाय, आता दुसऱ्याला कशाला कापता, तिचं म्हणणं. त्यात डाव्या चांगल्या पायाच्या हाडातही खिळे घालणार हे ऐकून ती उठूनच गेली. डॉक्टर कन्नड-इंग्रजीत समजावत होते, ती बाई मराठीतून रडत होती, म्हणून मला बोलावलं.

मी तिला विचारलं, "मावशी, आंब्याचं भेटकलम बघितलंय?"

माझे वडील कलमं बांधायचे. कुंडीतलं रोप उचलून मोठ्या झाडाच्या फांदीजवळ न्यायचं. फांदी उंच असेल तर कुंडी ठेवायला माच बांधायचा. रोपाची आणि फांदीची साल एका बाजूनं तेवढीच तासायची, उघडा भाग उघड्या भागाला भिडवायचा आणि केळीच्या सोपटानं घट्ट गुंडाळायचा. फांदी झाडापासून तोडायची नाही. ती आईचंच पाणी पीत राहते, आणि इकडे रोपाशी तिची साल जुळते. दोन-अडीच महिन्यांनी फांदीला आधी अर्धी खाच द्यायची, काही दिवस बघायचं, पानं माना टाकत नाहीत ना, आणि मगच कापायची. लहानपणी मी एकदा चिंचोक्यांनी खेळताना माचाला धक्का दिला आणि दोन कुंड्या हलल्या. वडिलांनी सोपट सोडून पाहिलं तर जुळत आलेली साल सुटलेली. झाड मेलं नाही, रोप मेलं नाही, पण ते कलम वाया गेलं.

बाईंनी सगळं ऐकलं. "खिळे कशाला मग?" "कुंडी हलू नये म्हणून." सही केली.

इथून पुढे मुख्य गोष्ट, पाय स्थिर ठेवणं. तुम्हांला स्थिर उभं राहणं चांगलं ठाऊक आहे. पण सावधानमध्ये सगळे स्नायू कामाला लागलेले असतात आणि ते दहा-वीस मिनिटांचं असतं. इथं माणूस झोपणार, ठसकणार, शिंकणार, स्वप्नात धावणार. त्याच्या मनोनिग्रहावर हे सोडता येत नाही. नवी रक्तवाहिनी केसाहून बारीक. फ्लॅप आणि जखम एकमेकांवर जराशी सरकली तरी ती तुटते, आणि तुटली की मधे रक्त साठतं, साठलेलं रक्त दोघांना वेगळं करतं. दुसरा धोका देठाचा. पाय दोन बोटं लांब गेले तर देठ ताणतो, वळले तर मुरगळतो. पाण्याच्या नळीला पीळ पडल्यावर पाणी थांबतं तसं रक्त थांबतं.

पूर्वी हे काम प्लास्टरनं व्हायचं. प्लास्टरच्या पट्टीची युक्तीसुद्धा एका लष्करी डॉक्टरचीच, मथायसन नावाच्या डच माणसाची, १८५१ सालची. आमच्या सुरुवातीच्या काळात मी क्रॉस-लेगची प्लास्टरं घातली आहेत. दोन्ही पायांना वेगवेगळं प्लास्टर, मधे लाकडी दांडे आडवे बसवून तेही प्लास्टरनं पक्के, आणि फ्लॅप दिसावा म्हणून एक खिडकी. ओलं प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, ते निवेपर्यंत पाय धरून उभं राहायचं. आतल्या कापसाची गंमत अशी, की कमी झाला तर टाच आणि घोटे सोलतात, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं खाली जो हाडाचा उंचवटा लागतो तिथं कमी झाला तर त्याला वळसा घालून जाणारा मज्जातंतू दाबला जातो आणि पाऊल वर उचलता येईनासं होतं. कापूस जास्त झाला तर पाय आत सैल होतो, मग प्लास्टर असून नसल्यासारखं. एका ठिकाणी मी नवखा असताना कापूस वाचवला होता. त्या जवानाच्या टाचेचा व्रण माझा आहे.

आता बाहेरून सळ्यांची चौकट लावतात. हाडात दोन-तीन खिळे या पायात, तसेच त्या पायात, आणि सगळे बाहेरून सळ्यांनी जखडायचे. उजव्या पायात चौकट होतीच, डावा तिला जोडला. वजन कमी, हवा खेळती, फ्लॅप चारी बाजूंनी दिसतो, ड्रेसिंग सोपं. खिळ्यांच्या तोंडाशी जंतू धरू नये म्हणून रोज साफसफाई. चांगल्या हाडाला भोकं पडतात हा त्याचा दोष, आणि आईचा राग त्यासाठी चुकीचा नव्हता.

ऑपरेशनच्या आधी दोन दिवस आम्ही तालीम घेतली. पाय नेमके कसे ठेवायचे ते ठरवून, पट्ट्यांनी बांधून त्याला रात्रभर तसंच झोपवलं. कंबर, गुडघा हे सहन करतात का, हे आधीच कळलेलं बरं. वयस्क माणसांचे सांधे तीन आठवड्यांत आखडून बसतात, म्हणून त्यांच्यात ही शस्त्रक्रिया शक्यतो टाळतात. मग सर्जननी कापडाचा तुकडा घेतला, जखमेवर ठेवून मापानं कापला, आणि पाय एकमेकांवर ठेवून तो कापडी फ्लॅप उलट मार्गानं पोटरीवर नेऊन बघितला. पुरतो का, ताणतो का. दोनदा कापड बदललं. शिंप्यानं बेतावं तसं.

हे बेतणं बघताना मला नेहमी एक जुनी हकिगत आठवते. टिपू सुलतानाशी इंग्रजांची लढाई चालली होती, १७९२ च्या सुमाराला. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या लोकांच्या हाती लागला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. (नाव पारशी वाटतं, पण छापील हकिगतीत त्याला मराठा शेतकरी म्हटलं आहे.) तो वर्षभर तसाच वावरला. मग पुण्याजवळ वीट घडवणाऱ्या जातीतल्या, म्हणजे आपण कुंभार म्हणू अशा, एका माणसानं त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा पातळ पत्रा करून नाकाचा आकार घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, कडेनं रेघ मारली आणि तेवढी कातडी उचलली. भुवयांच्या मधे देठ तसाच ठेवून ती खाली फिरवून बसवली. वरून काताच्या लेपाच्या पट्ट्या. रोग्याला पाच-सहा दिवस उताणं निजवून ठेवायचं. देठ कापायचा तो तीनएक आठवड्यांनी. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम डोळ्यांनी पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट ते छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्पू या सर्जननं १८१४ मध्ये लंडनला एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक तसंच केलं. श्रीरंगपट्टण जे. पी. नगरपासून गाडीनं काही तासांवर आहे. मेणाचा पत्रा गेला, कापड आलं, आणि तीन आठवडे तेच राहिले.

आमच्या मुलाचं ऑपरेशन सहा तास चाललं. त्यानंतर वॉर्डात पहिले तीन दिवस दर तासाला बघायचं. बोटानं फ्लॅप दाबायचा, पांढरा पडतो, सोडला की दोन-तीन सेकंदांत रंग परत यायला हवा. फ्लॅप फिकट, गार आणि रंग परतत नाही, तर रक्त येत नाही. निळसर-जांभळा, फुगलेला आणि दाबल्यावर रंग लगेच उसळून येतो, तर रक्त येतंय पण परत जात नाही. दुसरा प्रकार फसवा, कारण गडद रंग बघून नवख्याला वाटतं, वा, भरपूर रक्त आहे. खोली उबदार ठेवायची, पाणी भरपूर द्यायचं, आणि विडी-सिगारेट कुणाचीच नाही, कारण तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. पडून राहिल्यानं पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शन, आणि बोटं, पावलं जेवढी हलतात तेवढी हलवत राहायची. हे ऐकून तो हसला, "हलू नको म्हणता आणि हलव म्हणता." दोन्ही खरं होतं. डोक्यावर टांगलेला त्रिकोणी झुला धरून दर दोन तासांनी तो स्वतःचं ढुंगण उचलायचा, नाहीतर माकडहाडाशी घाव पडतो. भरतीसाठी केलेले पुलअप्स तिथं कामी आले.

पाचव्या रात्री माझी चूक झाली. गावाहून त्याचे मामा आले होते. भाचा म्हणाला, पाय एकमेकांना टोचतात. मामांनी मायेनं चादरीची घडी करून दोन पायांच्या मधल्या फटीत सारली, बरोबर देठाखाली. त्याला बरं वाटलं, झोप लागली. सबंध वॉर्डाला मी नियम सांगितले होते, मामा संध्याकाळी आले त्यांना सांगितले नव्हते. दीडच्या फेरीला टॉर्च टाकली तर फ्लॅपचं टोक वांग्याच्या रंगाचं. चादर ओढून काढली, सर्जनना फोन केला. ते दहा मिनिटांत आले, दोन टाके सोडले, काळपट रक्त आलं. मग आम्ही खुर्च्या ओढून बसलो. चार वाजता रंग उतरू लागला. सकाळी टोकाला नखाएवढा काळा ठिपका उरला, तो पुढे कापून काढावा लागला आणि तेवढी जागा ड्रेसिंगनं भरली. मामा दोन दिवस वॉर्डाच्या दारातूनच भाच्याशी बोलत होते. मी त्यांना आत या म्हटलं, चूक माझी होती हेही सांगितलं, पण ते आले नाहीत.

दोन आठवडे झाल्यावर देठाची परीक्षा सुरू झाली. रबर चढवलेला चिमटा देठावर लावून रक्त अडवायचं, आधी पाच मिनिटं, उद्या दहा, परवा अर्धा तास, आणि फ्लॅपचा रंग बघायचा. वडिलांची अर्धी खाच ती हीच. एक तास चिमटा ठेवूनही फ्लॅप गुलाबी राहिला तेव्हा सर्जननी तारीख दिली. एकविसाव्या दिवशी देठ कापला, जोडसळ्या काढल्या, आणि दोन पाय बाजूबाजूला ठेवले. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "सरळ करू?" करता कुठं येत होता. गुडघे गंजलेल्या बिजागरीसारखे झाले होते. ते सुटायला फिजिओथेरपीचे जितके दिवस गेले, तितके पाय जोडलेले नव्हते. पाय पलंगाखाली सोडणंसुद्धा हळूहळू, पहिल्या दिवशी पाच मिनिटं, लवचीक पट्टी बांधून, कारण नव्या रक्तवाहिन्यांना उभ्या माणसाच्या रक्ताचं वजन पेलायची सवय नसते.

मुलांनी पत्रातून विचारलं आहे, तो आता सैन्यात जाईल का? नाही. हे त्याला सर्जननीच सांगितलं, मीही सांगितलं. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. नंतर मला म्हणाला, तुमच्या कामाला काय शिक्षण लागतं. बारावी विज्ञान आणि डिप्लोमा, मी सांगितलं. त्याची बारावी कलाशाखेची आहे. बघू म्हणाला.

परवा तो तपासणीला आला होता. कुबड्या आहेत, उजव्या पायावर अजून भार द्यायचा नाही. नडगीवर पोटरीची कातडी बसली आहे आणि तिच्यावर पोटरीचेच दाट केस उगवले आहेत. बोट लावलं तर त्याला कळत नाही, डोळे मिटून विचारलं की नुसता हसतो. वरची कातडी पक्की झाल्यामुळे आता खालच्या हाडाचं काम हाती घेता येईल. कमरेचं हाड काढून मोडात भरायचं आहे. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे, आणि या वेळी मामा आधी येऊन मला भेटणार आहेत, असा त्यांचा निरोप आहे.